सेवायात्रेची शिदोरी
परदेशातील वैद्यकीय सेवा आणि गिरिभ्रमण : विद्यार्थ्यांची पूर्वतयारी

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत विद्यार्थी व पालक यांच्यासमोर झालेले भाषण)



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा आनंद साजरा करीत असताना तरुणांच्या प्रश्नासाठी एक सायंकाळ राखून ठेवावी, ही विश्वस्तांची कल्पना मला मनापासून आवडली. गेल्या काही वर्षांत आपल्या समाजातील बरीच मुले-मुली वैद्यकीय शिक्षणाकडे वळली आहेत. सुट्टी लागली की त्यांपैकी काहींच्या मनात एक बेत आकार घेतो : नेपाळला किंवा आफ्रिकेतील एखाद्या देशात तीन आठवडे जावे, दोन आठवडे आरोग्य शिबिरात काम करावे आणि शेवटचा आठवडा डोंगरदऱ्यांत भटकावे. बेत उत्तम आहे. तो ऐकला की पालक विचारतात, "हे सुरक्षित आहे का?" विश्वस्त विचारतात, "यासाठी संस्थेने साहाय्य द्यावे का?" दोन्ही प्रश्न योग्यच आहेत. परंतु तिसरा एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. ज्या रुग्णासाठी आपण जाणार, त्याच्या पदरात काय पडणार? आज मी या तिसऱ्या प्रश्नाचा हात धरूनच बोलणार आहे. कारण त्याचे उत्तर नीट शोधले की पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आपोआप सापडत जातात.

सोलापूरचा एक तरुण डॉक्टर

परदेशी वैद्यकीय सेवेची गोष्ट महाराष्ट्रात डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या नावाशिवाय सुरू होऊ शकत नाही. १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेले कोटणीस मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. जपानी आक्रमणाने होरपळणाऱ्या चीनला वैद्यकीय पथक पाठवण्याचे काँग्रेसने १९३८ मध्ये ठरवले. त्या वर्षी काँग्रेसचे अध्यक्षपद सुभाषचंद्र बोस यांच्याकडे होते. पाच डॉक्टरांची निवड झाली : पथकप्रमुख डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, डॉ. बसू, डॉ. मुखर्जी आणि सर्वांत तरुणांपैकी एक असे डॉ. कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून त्यांची बोट निघाली.

पुढची कथा व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटामुळे घराघरांत पोचली. मी आज त्या कथेतील केवळ तीन गोष्टींकडे तुमचे लक्ष वेधतो. कारण तयारीच्या दृष्टीने त्याच मोलाच्या आहेत. पहिली गोष्ट अशी की हे पथक आगंतुक म्हणून गेले नव्हते. चीनमधून मदतीची मागणी आली आणि त्यानंतर पथक निघाले. दुसरी गोष्ट म्हणजे जाणारे पाचही जण शिक्षण पूर्ण केलेले डॉक्टर होते. तिसरी गोष्ट म्हणजे कोटणीस तेथे जाऊन चिनी भाषा शिकले आणि तेथील विद्यार्थ्यांना शिकवू लागले. चार सहकारी मायदेशी परतले. कोटणीस परतले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या आजाराने त्यांचे तेथेच निधन झाले.

ज्या रुग्णालयाची धुरा कोटणीसांनी सांभाळली, त्याला नाव होते कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथून यांचे. बेथून यांचा मृत्यू कशाने झाला, हे प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवावे. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून रक्तात जंतुसंसर्ग पसरला आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये ते गेले. एवढा मोठा शल्यविशारद एका बोटाच्या जखमेने गेला! सेवेच्या उत्साहात स्वतःच्या शरीराकडे दुर्लक्ष करू नये, हा धडा या दोघांच्या आयुष्यातून आपण घेतला पाहिजे.

आपण यजमान असताना

परदेशातून डॉक्टर येतात तेव्हा यजमानाला काय वाटते, याचा अनुभव पुणेकर जैन समाजाला नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. मूळचे पंढरपूरचे आणि अमेरिकेत स्थायिक झालेले प्लास्टिक सर्जन डॉ. शरदकुमार दीक्षित यांनी १९६८ पासून भारतात येऊन विनामूल्य शस्त्रक्रिया केल्या. दुभंगलेले ओठ, खाली उतरलेल्या पापण्या, चेहऱ्यावरचे व्रण यांमुळे खचलेल्या असंख्य मुलामुलींना त्यांनी नवे आयुष्य दिले. अपघातानंतर चाकाच्या खुर्चीला खिळलेले असतानाही ते येत राहिले. २००१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०११ मध्ये त्यांचे निधन झाले. आपल्या पुण्यातील भारतीय जैन संघटनेने त्यांची शिबिरे वर्षानुवर्षे भरवली. या सभागृहातील काही ज्येष्ठांनी अशा शिबिरांत रुग्णांना पाणी दिले असेल, नोंदणीच्या टेबलावर बसून नावे लिहिली असतील.

त्या ज्येष्ठांना विचारा, शिबिर यशस्वी कशाने होते? डॉक्टरांचे हात कुशल असावे लागतात, हे खरेच. पण त्याआधी गावोगावी जाऊन रुग्ण शोधावे लागतात, त्यांची रक्ततपासणी करावी लागते, आणि पाहुणे डॉक्टर गेल्यावर टाके काढणारा, जखम पाहणारा, ताप आला तर धावून जाणारा कोणीतरी गावातच असावा लागतो. हे काम स्थानिक माणसे करतात. तेव्हा तुम्ही परदेशी जाल तेव्हा तेथे अशी स्थानिक माणसे आहेत का, ती तुम्हांला बोलावीत आहेत का आणि तुम्ही निघून आल्यावर रुग्णांची काळजी कोण घेणार, ही चौकशी तिकीट काढण्यापूर्वी करा. या प्रश्नांना समाधानकारक उत्तर न देणाऱ्या, केवळ पैसे भरून घेऊन 'अनुभव' देणाऱ्या संस्थेच्या वाटेला जाऊ नका.

दुसरे उदाहरण जामखेडचे. पूर्वीच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील या दुष्काळी भागात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला. त्यासाठी त्यांना १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तेथे देशोदेशींचे विद्यार्थी येतात आणि त्यांना शिकवायला उभ्या राहतात गावातल्या आरोग्य सेविका. बाळंतपण, कुपोषण, जुलाब, कुष्ठरोगाविषयीची भीती या साऱ्यांशी झुंजलेल्या या स्त्रियांपुढे परदेशी विद्यार्थी वही घेऊन बसतात. शिकायला आलेल्या पाहुण्याने कोठे बसावे, हे जामखेडने दाखवून दिले आहे. माझी सूचना अशी की परदेशी जाण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्याच राज्यातील अशा एखाद्या प्रकल्पात काही दिवस राहावे, किंवा आषाढी वारीत पालखीबरोबर चालणाऱ्या एखाद्या आरोग्यपथकात काम करावे. चिखलात, गर्दीत, झोप अपुरी असताना आपला स्वभाव कसा वागतो, हे तेथे कळते. ते कळलेले बरे.

अधिकाराची मर्यादा

आता थोडे स्पष्ट बोलतो. जे काम ससून रुग्णालयात किंवा तुमच्या महाविद्यालयाच्या रुग्णालयात तुम्हांला एकट्याने करू दिले जात नाही, ते काम परदेशातही करायचे नाही. येथे टाके घालताना मागे वरिष्ठ उभे असतील, तर तेथेही उभे असले पाहिजेत. दूरच्या खेड्यात डॉक्टर नाही, रुग्ण गरीब आहे, कोणी विचारणारे नाही, म्हणून आपला हात साफ करून घ्यावा, हा विचार अहिंसेच्या कोणत्याही व्याख्येत बसत नाही. गरिबाचे शरीर ही सरावाची वही नाही.

कायद्याचीही बाजू आहे. प्रत्येक देशाची स्वतःची वैद्यक परिषद असते. उदाहरणार्थ, नेपाळमध्ये रुग्णसेवा करू इच्छिणाऱ्या परदेशी डॉक्टरांना तेथील परिषदेकडे अल्पमुदतीची नोंदणी करावी लागते. विद्यार्थी हा विद्यार्थीच असतो. त्याने रक्तदाब मोजावा, वजन-उंची घ्यावी, नोंदी ठेवाव्यात, औषधे बांधून द्यावीत, हात धुण्याचे महत्त्व शाळेतील मुलांना समजावून सांगावे. ही कामे कमी प्रतीची समजू नका. आपल्या परंपरेत वैयावृत्त्याची गणना अंतरंग तपात केली आहे, आणि त्या सेवेत मोठे काम-लहान काम असा भेद नाही.

एक गोष्ट भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्याविषयी. रुग्णाचे छायाचित्र त्याच्या समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय काढू नये. लहान मुलांचे तर मुळीच नाही. आपल्या आजीचे जखमेसह छायाचित्र कोणा परक्याने जगाला दाखवले तर आपल्याला चालेल का, एवढाच विचार करावा.

सहा महिन्यांचे वेळापत्रक

तयारी सहा महिने आधी का सुरू करावी, याला शास्त्रीय कारण आहे. कावीळ-ब प्रतिबंधक लसीच्या तीन मात्रा पहिल्या दिवशी, एका महिन्याने आणि सहाव्या महिन्यात घ्याव्या लागतात. वैद्यकीय विद्यार्थ्याने ही लस एव्हाना घेतलेलीच असावी. नसेल तर आजच सुरू करावी आणि शेवटी रक्ततपासणीने प्रतिकारशक्ती आली की नाही हे पाहावे. धनुर्वात, विषमज्वर आणि कावीळ-अ यांच्या लसींबाबत आपल्या डॉक्टरांशी बोलावे. भटकी कुत्री आणि माकडे असलेल्या दुर्गम भागात जायचे असेल तर रेबीजची पूर्वप्रतिबंधक लसही विचारात घ्यावी. ती घेतली असली तरी प्राणी चावल्यावर जखम साबणाने पंधरा मिनिटे धुणे आणि पुढील लस घेणे चुकत नाही.

केनिया, युगांडा यांसारख्या देशांत जाणाऱ्यांना पीतज्वराची लस आणि तिचे प्रमाणपत्र आवश्यक असते. ही लस केवळ शासनमान्य केंद्रात मिळते, आणि प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होते. २०१६ पासून ते आयुष्यभर वैध मानले जाते. प्रमाणपत्राशिवाय अशा देशातून परतणाऱ्या प्रवाशाला भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. तेव्हा निघण्याच्या आठवड्यात धावाधाव करून उपयोग नाही. हिवतापाच्या प्रदेशात जाताना प्रतिबंधक गोळ्या जाण्यापूर्वी सुरू करून परतल्यानंतरही ठरलेल्या मुदतीपर्यंत घ्याव्या लागतात. घरी आल्यावर त्या सोडून देणे ही नेहमी घडणारी चूक आहे.

रुग्णाला टोचलेली सुई चुकून आपल्याला लागली तर काय करायचे, हे आधीच ठरवून ठेवा. एचआयव्ही प्रतिबंधक औषधे शक्य तितक्या लवकर, फार तर बहात्तर तासांच्या आत सुरू करून अठ्ठावीस दिवस घ्यायची असतात. ती औषधे तेथे उपलब्ध आहेत का, हे विचारा. नसतील तर पथकाबरोबर असू द्या. हातमोजे पुरेसे न्या. बेथून यांची आठवण ठेवा. आणि वैद्यकीय तपासणीच्या अर्जात दमा, फेफरे, मधुमेह, औषधांची ॲलर्जी यांपैकी काहीही लपवू नका. जाण्याची संधी हुकेल या भीतीने लपवलेला आजार तेथे साऱ्या पथकाला वेठीस धरतो.

औषधदानातील विवेक

औषधदान हे आपल्या चार दानांपैकी एक. त्यामुळे कोणी शिबिराला निघाले की घराघरांतून औषधांच्या पिशव्या जमा होतात. अर्ध्या वापरलेल्या पट्ट्या, डॉक्टरांना मिळालेले नमुने, मुदत संपत आलेल्या बाटल्या, असे सारे त्यात असते. भावना निर्मळ आहे, पण हे दान घेणाऱ्यावर ओझे होते. औषधदानाविषयी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे १९९६ पासून उपलब्ध आहेत. त्यांचा सारांश असा : घेणाऱ्याने मागितलेलीच औषधे द्यावीत, ती पोचतील तेव्हा किमान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी, वेष्टनावरील मजकूर तेथील आरोग्यसेवकांना वाचता यावा, आणि रुग्णांनी परत केलेली किंवा नमुन्यादाखल मिळालेली औषधे देऊ नयेत. बहुतेक वेळा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे यजमान संस्थेकडून यादी घेऊन त्या देशातच औषधे विकत घेणे. त्यामुळे सीमाशुल्काचा प्रश्न उद्भवत नाही आणि तेथील दुकानदारालाही चार पैसे मिळतात.

लिपी ओळखीची, भाषा अनोळखी

नेपाळला जाणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला एक गंमत अनुभवास येते. नेपाळी भाषा देवनागरीतच लिहिली जाते. दुकानांच्या पाट्या, बसवरची नावे, रुग्णालयाचे फलक सगळे वाचता येते, आणि वाचता येते म्हणून कळतेही असा भ्रम होतो. रुग्णाशी बोलताना हा भ्रम महागात पडतो. 'कहाँ दुख्छ?' म्हणजे कोठे दुखते, 'ज्वरो' म्हणजे ताप, 'पखाला' म्हणजे जुलाब, 'बिस्तारै' म्हणजे सावकाश. असे शंभरेक शब्द निघण्यापूर्वी पाठ करा. हिंदीवर काम भागेल असे गृहीत धरू नका. डोंगरातल्या वृद्ध स्त्रीला ती येईलच असे नाही. औषध केव्हा, किती, जेवणाआधी की नंतर, हे दुभाष्यामार्फत सांगून झाले की रुग्णालाच ते परत सांगायला लावा.

डोंगर आपला मान राखून घेतो

आता गिरिभ्रमणाकडे वळू. पुण्याला डोंगरांचे वेड आहे. याच शहरातील गिरिप्रेमी संस्थेच्या आठ गिर्यारोहकांनी मे २०१२ मध्ये एव्हरेस्ट सर केले. त्यांच्यामागे वर्षानुवर्षांचा सराव होता. पाठीवर ओझे घेऊन सिंहगड चढणे हा पुणेकर गिर्यारोहकांचा जुना परिपाठ आहे, आणि तुम्हीही तीन-चार महिने आधीपासून तो सुरू करावा. मात्र एक भेद लक्षात घ्या. सिंहगडाने पाय तयार होतात, दम तयार होतो. विरळ हवेची सवय होत नाही. सिंहगड समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर, महाराष्ट्रातील सर्वोच्च कळसूबाई १,६४६ मीटर. एव्हरेस्टच्या पायथ्याच्या वाटेवर लुक्लाचा विमानतळच सुमारे २,८६० मीटरवर आहे, नामचे बाजार ३,४४० आणि पायथ्याचा तळ ५,३६४ मीटरवर. म्हणजे चालायला सुरुवात होते तीच कळसूबाईच्या कितीतरी वर.

तीन हजार मीटरच्या पुढे झोपण्याची जागा दररोज पाचशे मीटरहून अधिक उंच नेऊ नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे, हा सर्वमान्य नियम आहे. डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना जाणे ही उंचीच्या आजाराची पहिली लक्षणे. अशा वेळी वर जाणे थांबवावे. चालताना तोल जाऊ लागला, बोलणे असंबद्ध झाले किंवा बसल्या जागी धाप लागली तर रात्र असली तरी रुग्णाला खाली उतरवावे. खाली उतरणे हाच खरा उपाय आहे. ॲसिटाझोलामाइडच्या गोळ्या उपयुक्त आहेत, पण त्या स्वतःच्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. सल्फाची ॲलर्जी असलेल्यांनी तर विशेष सांभाळावे. या वाटेवर फेरिचे येथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचे मदतकेंद्र आहे. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत देशोदेशींचे डॉक्टर स्वेच्छेने सेवा देतात. सेवा आणि साहस एकत्र कसे नांदतात, याचे ते सुंदर उदाहरण आहे.

यावरून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. हाती एकच आठवडा असेल तर एव्हरेस्टच्या तळाचा हट्ट धरू नका. लुक्लाहून जाऊन-येऊन साधारण बारा दिवस हवेत. पोखरा भागातील घोरेपानी-पुनहिल ही ३,२१० मीटरपर्यंतची चार-पाच दिवसांची वाट अधिक शहाणपणाची. आधी सेवा आणि नंतर भ्रमण हा क्रमही पाळा. डोंगरात पाय मुरगळून आलेला स्वयंसेवक शिबिराला भार होतो. प्रवासविमा घेताना तो ठरलेल्या उंचीपर्यंतच्या पदभ्रमणाला आणि हेलिकॉप्टरने सुटका करण्याच्या खर्चाला लागू आहे का, हे वाचून पाहा.

आपले नियम, आपला आहार

या सभेत आईवडिलांच्या मनात असलेला प्रश्न मी ओळखतो. खाण्यापिण्याचे काय? नेपाळमध्ये डाळ-भात सर्वत्र मिळतो. तरकारीत मात्र बटाटा बहुधा असतो, म्हणून आधी विचारावे. खाखरे, भाजलेले पोहे, शेंगदाण्याची चिक्की, मेतकूट, सुकामेवा बरोबर असू द्यावा. पाणी गाळून, उकळून पिण्याची आपल्या घरातील शिस्त तेथे उत्तम वैद्यकीय सल्लाच ठरते. उंचीवर शरीरातील पाणी भराभर कमी होते. चोविहार पाळणाऱ्यांनी दिवसभर थोडे थोडे पाणी पीत राहावे, मुक्कामावर पोचताच सूर्यास्तापूर्वी भोजन मिळावे असे आधीच सांगून ठेवावे. आणि प्रकृती बिघडली तर कोणती मोकळीक घ्यायची, हे घरातील ज्येष्ठांशी व गुरुजनांशी निघण्यापूर्वीच बोलून ठेवावे. चढाईच्या दिवसांत उपवास मात्र करू नये. पावसाळ्याचे महिने नेपाळच्या पदभ्रमणाला प्रतिकूलच असतात. त्यामुळे चातुर्मासातील बहुतेक काळ घरी आराधनेत घालवून ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा मार्च ते मे हा काळ निवडणे दोन्ही अंगांनी हिताचे.

आणखी दोन बारकावे. थंडीची अनेक जाकिटे पक्ष्यांच्या पिसांनी भरलेली असतात. कृत्रिम तंतूंनी भरलेली जाकिटेही बाजारात मिळतात, ती मागून घ्यावीत. औषधांच्या कॅप्सूलचे आवरण बहुधा प्राणिजन्य जिलेटिनचे असते. तेच औषध गोळीच्या रूपात मिळते का, हे विचारावे. न मिळाल्यास आवश्यक औषध टाळू नये.

खर्चाचा हिशेब

शेवटी विश्वस्तांच्या प्रश्नाकडे येतो. संस्थेने साहाय्य द्यावे का? माझे मत असे की द्यावे, पण अटी घालून. शिबिराचा खर्च आणि भटकंतीचा खर्च यांच्या वह्या वेगळ्या असाव्यात. दात्याने औषधासाठी दिलेला रुपया डोंगरातील निवासावर खर्च होऊ नये. साहसाचा आनंद विद्यार्थ्याने घरच्या किंवा स्वतःच्या कमाईच्या पैशांतून घ्यावा. परतल्यावर प्रत्येकाने हिशेब आणि लेखी अहवाल द्यावा, आणि पुढील वर्षभरात पुण्यातील एखाद्या वस्तीत ठरावीक दिवस सेवा करावी.

कोणी म्हणेल, विमानाच्या तिकिटाचे पैसे सरळ तेथील रुग्णालयाला पाठवले तर अधिक रुग्णांचे भले होईल. हा आक्षेप खरा आहे, आणि तो प्रामाणिकपणे मान्य करावा. तीन आठवड्यांच्या विद्यार्थ्याकडून रुग्णांना होणारा लाभ थोडाच असतो. मोठा लाभ विद्यार्थ्याला होतो. दारिद्र्य, अंतर आणि अज्ञान यांनी आजार कसा वाढतो, हे त्याला कळते आणि पुढची चाळीस वर्षे तो वेगळ्या प्रकारचा डॉक्टर होतो. म्हणून या प्रवासाला दान न म्हणता शिक्षण म्हणावे. दाता येथे तो अनोळखी रुग्ण आहे, जो आपले दुखणे आपल्यासमोर उघडे करून आपल्याला शिकू देतो. हा ऋणभाव मनात ठेवून जो निघेल, तो मर्यादा ओलांडणार नाही, बडेजाव मिरवणार नाही आणि रिकाम्या हाताने परतणारही नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या यात्रा निर्विघ्न होवोत, तुमच्या हातून कोणालाही अपाय न घडो आणि ही संस्था पुढील पन्नास वर्षेही अशीच तुमच्या पाठीशी उभी राहो, अशी शुभेच्छा व्यक्त करतो आणि आपली रजा घेतो.

जय जिनेंद्र!